नऊ टाचण्या, पंचवीस भोकं

४ फेब्रुवारी, मंगळवार

निवृत्त झालो त्या दिवशी कन्येने ही डायरी दिली होती. "बाबा, रोज लिहा." वर्ष होत आलं, पण लिहिण्यासारखं काही घडेचना. आज घडलं. आज मी हिच्या उद्योगाचं आधुनिकीकरण केलं.

हा उद्योग आमच्या पुढच्या खोलीत चालतो. भरतकामाचं एक मोठं जुनं मशीन आहे. ही त्याला 'सासूबाई' म्हणते, कारण त्याचा आवाज घरभर असतो आणि ते कुणाचं ऐकत नाही. ऐकतं फक्त एका जुन्या लॅपटॉपचं. ही त्यावर नक्षी काढते, लॅपटॉपच्या पाठीतून निघालेल्या जाड केबलीतून ती मशीनकडे जाते आणि मशीन ती कापडावर भरतं. गणवेशांचे खिसे, डॉक्टरांच्या कोटावरची नावं, पडद्यांचे काठ. लॅपटॉप मात्र पाट्याएवढा जड आणि बटणांवरची निम्मी अक्षरं पुसलेली. मी जन्मभर कारखान्याचं भांडार सांभाळलेलं. नवा माल आला की जुना हलवायचा, हा माझा नियम. त्यामुळे तो पाटा रोज माझ्या डोळ्यांत खुपायचा.

आज कन्येचं पार्सल आलं. नवा लॅपटॉप, पुठ्ठ्यासारखा पातळ. ही तेव्हा मेहुणीकडे गेली होती. मेहुणी, म्हणजे हिची ताई, राहते समोरच, रस्ता ओलांडला की दार, पण दोघी बहिणी एकत्र आल्या की दोन तास निश्चिंती. तेवढ्यात मी सगळं उरकलं. हिची सगळी नक्षी पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, एवढी अक्कल मला आहे. पाट्याच्या पाठीला पंचवीस भोकांचं एक लांबट तोंड होतं, त्यात काड्यापेटीएवढं राखाडी बूच बसवलेलं. धूळ जाऊ नये म्हणून असणार. चांगली वस्तू वाया कशाला घालवा, म्हणून ते काढून आमच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलं. अगदी मापात बसलं. मग पाटा उचलून बाजारातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेऊन दिला. दुकानदाराने बदल्यात नव्या लॅपटॉपसाठी झकास पिशवी दिली. पिशवीवर दुकानाचं नाव जरा मोठं छापलं आहे, पण चालायचंच.

ही आली की आश्चर्याचा धक्का द्यायचा, असं ठरवलं.

संध्याकाळी. धक्का मलाच बसला. मशीनची केबल नव्या लॅपटॉपला लावायला घेतली, तर लावायला जागाच नाही. चारही बाजूंनी फिरवून पाहिला. कडेला दोन बारीक फटी आहेत, त्यात फार तर नख जाईल. केबलीच्या टोकाला नऊ भोकं आहेत, म्हणजे समोर नऊ टाचण्या हव्यात. त्या पाट्याला होत्या.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी ही मशीनपाशी गेली आणि म्हणाली, "अहो, माझा लॅपटॉप कुठाय?"

"साफसफाईला दिलाय," मी म्हणालो. "आत धूळ फार झाली होती." हे माझ्या तोंडून कसं निघालं, मला अजून कळलेलं नाही.

हिने माझ्याकडे पाहिलं. मग टेबलावरच्या नव्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग पिशवीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं केलंत," म्हणाली. "कधी मिळेल?"

"होईल चार दिवसांत."

"बँडचे कोट आज येतायत, एवढं लक्षात असू द्या."

लक्षात कसं नसेल. शाळेच्या बँडचे चाळीस कोट, प्रत्येकाच्या खिशावर कर्णा आणि भोवती पानांची वेल. महिनाअखेरीला त्यांचा कार्यक्रम आहे. शाळेचं सगळं काम वर्षानुवर्षं हिच्याकडे येतं. पण आता गावाबाहेर मोठी कार्यशाळा निघाली आहे, एका वेळी बारा मशीनं चालतात म्हणे, आणि शाळेच्या नव्या बाईंचा ओढा तिकडे आहे. या वेळी कोट वेळेवर गेले नाहीत तर शाळा तुटली. आणि शाळा तुटली तर हिच्या मशीनवर चादर घालायची वेळ येईल. हे ही स्वतःच मला गेल्या आठवड्यात म्हणाली होती.

ही मेहुणीकडे सुया आणायला गेली. मी दाढी-अंघोळ उरकून दुकान गाठलं. दुकानदार गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस. काहीही विचारा, "होईल हो" म्हणतो. मी त्याचं नाव होईलशेठ ठेवलं आहे.

"तो लॅपटॉप?" तो म्हणाला. "गेला की हो. तासाभरापूर्वीच. एक बाई घेऊन गेल्या."

"कोण बाई?"

"नाव नाही सांगितलं. आल्या, पाठीमागची दोन्ही पोर्टं बोटाने चाचपली आणि मलाच झापलं. असली वस्तू एका पिशवीच्या बदल्यात घेताना काहीच वाटलं नाही का, म्हणाल्या. पण बाई हसत होत्या."

पिशवीचं तिला कुठून कळलं, हे विचारायचं राहिलं. होईलशेठ सगळ्यांनाच सांगत सुटला असेल. कोण ही कजाग बाई कुणास ठाऊक. तिच्या नवऱ्याची दया आली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

होईलशेठने आज माझा वर्ग घेतला. पाट्याच्या पाठीला दोन तोंडं होती. नऊ टाचण्यांचं ते सिरियल पोर्ट, पंचवीस भोकांचं ते पॅरलल. सिरियलमधून माहिती एकामागून एक जाते, तिकिटाच्या रांगेसारखी. पॅरललमधून आठ-आठ जणं खांद्याला खांदा लावून एकदम निघतात. पूर्वी प्रत्येक लॅपटॉपला ही दोन्ही असायची. मग लॅपटॉप बारीक होत गेले आणि ही तोंडं गळून पडली.

"पण जुनी मशीनं अजून तीच भाषा बोलतात," होईलशेठ म्हणाला. "त्यांना नव्याचं कळतच नाही."

हे तो माझ्याकडे बघून का म्हणाला, माहीत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

एक विचित्र गोष्ट. कोटांचा गठ्ठा भिंतीशी आहे. काल सगळे कोरे होते. आज संध्याकाळी दुकानातून आलो तर वरच्या तीन कोटांवर कर्णा आणि वेल भरून तयार! मी चाटच पडलो.

"हे कसं केलंस?"

"हाताने," ही म्हणाली. "थांबून कसं चालेल? तुमची साफसफाई होईपर्यंत जमेल तेवढं हाताने."

मी कोट उजेडात धरून पाहिला. टाका न् टाका एका मापाचा, एका ताणाचा. इतकी वर्षं संसार केला, पण हिच्या हातात ही कला आहे हे मला ठाऊक नव्हतं. मान खाली गेली. माझ्या एका आगाऊपणापायी ही बिचारी बोटं फोडून घेते आहे.

मेहुणीही बसली होती. तिला एकदम जोराचा खोकला आला आणि ती पाणी प्यायला आत गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार

अर्धी लढाई जिंकली, असं सकाळी वाटलं होतं. होईलशेठकडे एक छोटी केबल निघाली. एका बाजूला नव्या लॅपटॉपच्या फटीत जाणारं टोक, दुसऱ्या बाजूला नऊ टाचण्या. हिच्या कपाटात भरतकामाच्या प्रोग्रॅमची चकती होती, ती त्याने नव्या लॅपटॉपवर चढवून दिली. ही आणि मेहुणी दोऱ्याची रिळं आणायला गेल्या, तेवढ्यात मी घरी येऊन सगळं जोडलं. प्रोग्रॅम उघडला. पडद्यावर एकच ओळ आली: कुलूप सापडत नाही.

होईलशेठला फोन केला.

"जुन्याच्या मागे, पंचवीस भोकांत काही लावलेलं होतं का?" त्याने विचारलं.

"एक बूच होतं."

तो म्हणाला, "ते बूच नव्हे हो. ते कुलूप. ते त्या पोर्टात असल्याशिवाय प्रोग्रॅम चालतच नाही. चोरून कुणी वापरू नये म्हणून कंपनी देते. कुठाय ते?"

मी टेबलाखाली शिरलो. पायाखाली बूच नव्हतं. तिथे पुठ्ठ्याची नीट चौकोनी घडी होती.

याचा अर्थ झाडताना ते निघालं, केरात गेलं आणि टेबल हलायला लागलं म्हणून हिने पुठ्ठा घातला. दुसरं काय असणार? विचारायची सोय नाही. विचारलं तर बूच तिथे कसं आलं ते सांगावं लागेल, मग पाटा कुठे गेला ते, मग सगळंच. नऊ टाचण्यांनी माझ्या नाकी नऊ आणले होते, आता त्यात पंचवीस भोकांची भर.

बरं, त्या पंचवीसचीही तशीच छोटी केबल मिळते का, असं विचारलं. मिळते, पण ती फक्त प्रिंटरशी बोलते, कुलपाशी नाही. म्हणजे खरं पोर्ट असलेला खरा जुना लॅपटॉप हवा आणि कुलूपही हवं. होईलशेठ म्हणाला, "शोधू. होईल हो."

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज होईलशेठने मला एका दवाखान्यात पाठवलं. तिथे कानांची तपासणी करायचं मशीन जुन्या लॅपटॉपवर चालतं. तिथल्या बाईंनी लॅपटॉप दाखवला, अगदी पाट्याचा भाऊ. पाठीला दोन्ही तोंडं. मी जरा जवळ गेलो तर त्यांनी तो छातीशी धरला. "हा गेला तर आमचं मशीन मुकं होईल," म्हणाल्या. मी म्हणालो, मी नुसता बघतोय. मग त्यांनी चहा दिला आणि अर्धा तास सांगत बसल्या की नवीन साहेब दर महिन्याला हा लॅपटॉप भंगारात काढायला निघतात आणि त्या दर महिन्याला तो कपाटात लपवतात.

साहेबाचं वय विचारलं. माझ्याहून लहान आहे, पण वृत्ती ओळखीची वाटली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कोट भराभर तयार होताहेत. निम्मे होत आले. हिच्या बोटांचा विचार करून मला जेवण गोड लागेना. आज संध्याकाळी कोमट पाणी केलं, त्यात मीठ टाकलं आणि परात हिच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"बोटं बुडव. दुखत असतील."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दुखतात हो. फार दुखतात." आणि बोटं बुडवली. मी एकेक बोट पुसून दिलं. बोटांवर सुईची एकही खूण नाही. कसलेला हात म्हणतात तो हा. हिचे डोळे भरून आले होते आणि खांदे हलत होते. मला वाटलं रडते आहे, म्हणून मी मान वळवली.

एकीकडे सांगून टाकावंसं वाटलं. पण सांगितलं आणि हिची शाळा तुटली तर मी या घरात कुठल्या तोंडाने बसू? आधी लॅपटॉप, मग सांगणं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ही आजकाल मला घराबाहेर काढायला फार उत्सुक असते. नऊ वाजले की, "निघा बरं, होईलशेठ वाट बघत असतील." दुपारचा डबा भरून देते, म्हणजे मध्ये जेवायला यायचीही गरज नाही. माझ्या कष्टांची हिला कदर आहे.

होईलशेठचं नाव मी हिला कधी सांगितलं, ते आठवत नाही. बोलण्यात आलं असेल.

आज भुशाच्या गोदामातल्या वजनकाट्यावर जाऊन आलो. तिथलाही लॅपटॉप पोर्टवाला, तिथेही नकार, तिथेही चहा. शहरात किती तरी खोल्यांत असे पाटे दडून बसले आहेत आणि प्रत्येकाशेजारी एक माणूस त्याला जपत बसला आहे. दोन आठवड्यांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. वाटेत होईलशेठसाठी टाचण्या वाकलेली दोन जुनी तोंडं मिळवून आणली. तो म्हणाला, चिमट्याने सरळ करू.

घरी आल्यावर मशीनच्या अंगावर हात पडला. गरम होतं. खिडकीतून ऊन येतं त्यावर, पडदा लावायला हवा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

होईलशेठचं दुकान म्हणजे केबलींचं जंगल. मला राहवेना. आज सगळी खोकी ओतली आणि लावायला घेतली. नऊची एकीकडे, पंचवीसची एकीकडे. त्यात टाचण्यावाली आणि भोकवाली असे दोन प्रकार, त्यांना या धंद्यात नर आणि मादी म्हणतात. मी खोक्यांवर तसं लिहायला लाजलो, 'अ' आणि 'ब' लिहिलं. दुपारी एक गिऱ्हाईक आलं, त्याला हवी ती केबल मी हात घालून तत्क्षणी काढून दिली. होईलशेठ बघतच राहिला.

"काका, तुम्ही रोज या," तो म्हणाला. "मला हे आयुष्यात जमणार नाही."

खरं सांगायचं तर वर्षभरात इतकी छान झोप लागली नव्हती, जितकी या आठवड्यात लागते आहे.

मेहुणी सकाळी आपल्या खिडकीतून ओरडली, "भाऊजी, उन्हात हिंडून काय तेज आलंय हो चेहऱ्यावर!" ती आजकाल सदा त्या खिडकीत असते. मी निघालो की हात हलवते, परतताना रस्त्याच्या तोंडाशी दिसलो की लगेच आत जाते आणि फोन करते. कुणाला एवढे फोन करते कोण जाणे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काय लिहू आणि कसं लिहू.

आज चष्मा घरी विसरलो. बारीक टाचण्या दिसेनात, म्हणून साडेअकराच्या सुमारास परत फिरलो. मागच्या गल्लीतून आलो, तिकडून सावली असते. आमच्या पुढच्या पायरीवर पाय ठेवला आणि आतून आवाज आला. सासूबाईंचा. तो खटखटाट मी झोपेतही ओळखेन.

खिडकीचा पडदा अर्धा सरकलेला होता. मशीन चालू होतं. शेजारी तिपाईवर तो पाटा, पाठीत केबल, आणि केबलीशेजारी राखाडी बूच. ही कोट ताणून धरून उभी होती.

एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागेवर बसत गेली. कजाग बाई. पुठ्ठ्याची घडी. गरम मशीन. मेहुणीचा खोकला. होईलशेठसुद्धा सामील! दवाखाना, वजनकाटा, सगळी पाठवणी. आणि मी परातीत मीठ टाकून बोटं शेकत बसलो होतो! दार ढकलून आत जायचं आणि चांगलं फैलावर घ्यायचं, या तयारीने मी हात उचलला.

तेवढ्यात ही गायला लागली.

मोठ्याने, मोकळ्या गळ्याने, मशीनच्या तालावर. शब्द चुकले की स्वतःच हसत होती आणि पुढे म्हणत होती. कोट बदलला, दोरा ओवला, गाणं थांबलं नाही. मी हात खाली घेतला.

मी कामावर जायचो तेव्हा ही रोज अशी गात असणार. मला कसं कळणार? मी घरात नसायचो. आणि गेल्या वर्षभरात मी घरात आहे, म्हणजे मशीनशेजारच्या स्टुलावर आहे. दोरा सैल वाटतो. कोपरा वाकडा आला. हा रंग का घेतला. रिळं उंचीनुसार लावली असतीस तर. वर्षभरात या खोलीत माझा आवाज, मशीनचा आवाज, आणि हिचा फक्त "हं." मला वाटायचं मी मदत करतो आहे.

फार वाईट वाटलं. त्याचबरोबर गाणं संपू नये असंही वाटत होतं. हिचा आवाज चांगला आहे. हे मला या वयात, स्वतःच्या घराच्या पायरीवर उभं राहून कळावं.

गाणं संपल्यावर मी तसाच मागे फिरलो. चष्म्याशिवाय दिवस काढला. होईलशेठला म्हटलं, आज फक्त मोठ्या केबली लावतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

होईलशेठला विचारलं, "त्या लॅपटॉप नेणाऱ्या बाई पुन्हा आल्या होत्या का हो?"

तो लालबुंद झाला. "नाही… म्हणजे… का?"

"काही नाही. चांगली वस्तू चांगल्या हाती गेली, एवढं सांगायचं होतं. आज कुठे पाठवताय मला?"

त्याने मान खाजवली आणि दुकानातच बसा म्हणाला.

संध्याकाळी घरी येताना मुद्दाम पुढच्या रस्त्याने आलो, मेहुणीच्या खिडकीसमोर थांबून बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. फोन करायला तेवढा वेळ मिळावा. आत गेलो तर ही सुई-दोरा घेऊन कोट मांडीवर पसरून बसली होती. सुई उलटी धरलेली. मी म्हणालो, "दमलीस ना? पाणी गरम करू?"

"करा," ही म्हणाली. पण आज खांदे हलले नाहीत. माझ्याकडे जरा निरखून बघत होती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

कोट गेले. चाळीसच्या चाळीस, दोन दिवस आधी. शाळेच्या नव्या बाई स्वतः न्यायला आल्या होत्या. त्यांनी एक कोट आतून उलटा करून पाहिला, मोठ्या कार्यशाळेतून आलेला नमुना शेजारी धरला आणि पुढच्या वर्षीच्या गणवेशांचं काम इथेच देईन म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मी स्टुलावर बसलो नव्हतो, दाराशी उभा होतो. एका कोटाच्या वेलीतलं पान मला जरासं तिरकं वाटलं. काही बोललो नाही. ओठ दुखायला लागले.

१ मार्च, शनिवार

काल बँडचा कार्यक्रम झाला. आज सकाळी ही चहा घेऊन आली आणि समोर बसली. एरवी बसत नाही.

"अहो, मला एक सांगायचंय. तो लॅपटॉप…"

"आधी माझं ऐक," मी म्हणालो. "तो लॅपटॉप अजून साफ होऊन आलेला नाही. फार जुनी वस्तू. तसं पोर्ट मिळता मिळत नाही. मला शोधायला रोज जावं लागणार."

हिने कप खाली ठेवला. "रोज?"

"रोज. नऊला जायचं, संध्याकाळी यायचं. होईलशेठच्या दुकानात केबलींची अजून सात-आठ खोकी लावायची आहेत, तिथेच कुठेतरी सापडेल. तू आपलं हाताने भरत राहा. तुझा हात छान आहे."

हिने माझा कप उचलून माझ्या हातात दिला. मग म्हणाली,

"त्या दिवशी तुम्ही अर्धा तास बाहेर उभे होतात. ताईने पाहिलं खिडकीतून. फोन करत होती मला. मशीनच्या आवाजात मला ऐकूच आला नाही."

पकडलो गेलो होतो. कुणी कुणाला पकडलं ते मात्र आता सांगता येत नाही.

"रागावून आत का नाही आलात?"

"आलो असतो," मी म्हणालो, "तर तू थांबली असतीस."

ही उठली. दोन्ही कप उचलले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "जा रोज दुकानात. तुम्हाला मानवलंय ते. पण दुपारी जेवायला घरी यायचं. आणि ऐकायचंच असेल तर आत येऊन बसा. बाहेर उन्हात उभं राहू नका."

मग पुन्हा मागे वळून, "फक्त दोरा सैल आहे म्हणायचं नाही."

सोमवारपासून जेवायला घरी येणार आहे. बोलणार नाही. दोरा खरंच सैल असला तरी बोलणार नाही.